अक्का, दुःखाला अर्थ असतो का?

गेल्या महिन्याच्या टपालातून ही तीन पत्रं निवडली. लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिघांचं बोलणं एकाच जागी येऊन थांबतं. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत, पत्रं थोडी आखूड केली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी ३४ वर्षं सोलापुरात परिचारिका होते, त्यातली बरीच हाडांच्या वॉर्डात. जे तिथं पाहिलं आणि जे घरात पाहिलं त्यावरूनच बोलते.

पत्र पहिले

अक्का, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, वय ५२. माझा मोठा मुलगा अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता. दोन वर्षांपूर्वी पुणे रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला, जागेवरच गेला. २४ वर्षांचा होता. तेव्हापासून जो भेटतो तो सांगतो, देव आपल्या माणसाचीच परीक्षा घेतो, दुःखातूनच जीवनाला अर्थ येतो. आमच्या गल्लीतल्या सप्ताहात महाराजांनीही तेच सांगितलं आणि सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठून घरी आले. तेव्हापासून सिद्धेश्वराच्या देवळात गेले नाही, यंदा गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्यालाही नाही. मला विचारायचं आहे, माझ्या पोराच्या मरणातून मला कसला अर्थ मिळायचा आहे? आणि दुःखानेच अर्थ येतो, तर तो होता तेव्हा माझं आयुष्य बिनअर्थाचं होतं का? त्याची हत्यारांची पेटी अजून पलंगाखाली आहे. ह्यांना विचारलं तर हे उत्तरच देत नाहीत.

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि गच्चीत जाऊन उभी राहिले. नाही. तुमचं आयुष्य बिनअर्थाचं नव्हतं. पहिल्या पाळीला जाणाऱ्या पोरासाठी पहाटे उठून भाकरी थापत होतात, तो रात्री उशिरा आला की दार उघडत होतात, त्याच्या कपड्यांवरचं ऑइल आणि कापसाची तूस झाडत होतात, तेव्हा ते आयुष्य पुरेपूर भरलेलं होतं. त्याला बाहेरून अर्थ आणून लावायची गरज नव्हती. जो म्हणतो की अर्थ आता आला, तो तुमची ती चोवीस वर्षं खोटी ठरवतो. सप्ताहातून उठून आलात ते बरोबर केलंत.

आता ते वाक्य. दुःखाने जीवनाला अर्थ येतो. हे वाक्य मी वॉर्डात हजार वेळा ऐकलं असेल. ते खरं की खोटं यापेक्षा मी एवढंच बघत आले, की ते बोलतंय कोण. खाटेवर पडलेला माणूस स्वतःबद्दल असं म्हणाला, तर मी मान खाली घालून ऐकते. खाटेशेजारी उभा असलेला माणूस पडलेल्याला असं सांगायला लागला, की मी त्याला सांगायची, भेटण्याची वेळ संपली.

१९९३ सालची एक आजी सांगते. ३० सप्टेंबरची पहाट, अनंत चतुर्दशीची रात्र नुकती सरली होती. चारला दोन-चार मिनिटं कमी असतील, सोलापुरातसुद्धा भांडी वाजली, आम्ही घराबाहेर आलो. किल्लारीकडे काय झालं ते दिवस वर आल्यावर कळलं. लातूर आणि उस्मानाबादच्या त्या गावांत दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीची माळवदं. माणसं झोपेत त्याखाली गेली. मग जखमी यायला लागले. जीप, ट्रक, जे मिळेल त्यातून. खाटा संपल्या, सतरंज्या अंथरल्या. माती माणसांच्या केसांत, दातांत, नखांत शिरली होती. आठवडाभर आम्ही नुसती माती धूत होतो असं मला आजही वाटतं.

माझ्या वॉर्डात ही आजी होती. मांडीचं हाड मोडलेलं, ट्रॅक्शन लावलेलं, म्हणजे पायाला वजन टांगलेलं. सून आणि नातू गेले होते. तिसऱ्या दिवशी फळं वाटायला आलेल्या एका सज्जन माणसाने तिचा हात हातात घेऊन समजावलं, की आजी, यामागे देवाचा काहीतरी हेतू असणार, दुःखच माणसाला मोठं करतं. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. आजीने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा प्यायली नाही.

चौथ्या का पाचव्या दिवशी शेजारच्या सतरंजीवर एक तरुण बाई आली, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. जेवणाचं ताट तिच्यासमोर ठेवून आम्ही पुढे धावायचो, आणि परत येईपर्यंत वरणावर साय धरलेली असायची. एका दुपारी बघते तर आजी खाटेच्या कडेला जेवढं सरकता येईल तेवढं सरकून, वाकून, त्या बाईला भात भरवत होती. मी ओरडले, आजी, वजन हलेल, सरळ पडून राहा. ती म्हणाली, "तिचं हात गेल्यात, माजं पाय. मग कुणी भरवायचं?" आम्ही ती सतरंजी खाटेला लागून घेतली आणि आजीच्या पाठीला उशा दिल्या. पुढचे वीस-बावीस दिवस दोन्ही वेळचं भरवणं आजीकडे होतं.

ताई, हे मी गोड शेवटाची गोष्ट म्हणून सांगत नाही. रात्री दिवे मंद केले की ती आजी नातवाला हाका मारायची. शेवटच्या दिवसापर्यंत मारत होती. दुपारचं भरवणं आणि रात्रीच्या हाका, दोन्ही त्याच बाईचं होतं, एकाने दुसरं मिटलं नाही. तिला कुणी विचारलं असतं, की आजी तुमच्या दुःखाला अर्थ मिळाला का, तर तिला प्रश्नच कळला नसता. पण माझ्यासमोर जे घडत होतं त्याला मला दुसरा शब्द सुचत नाही. भूकंपात कसलाच अर्थ नव्हता. भिंत पडली, माणसं मेली, संपलं. अर्थ होता तो त्या भाताच्या घासात, आणि तो आजीने स्वतः, तिच्या वेळेला, कुणी न सांगता तिथं आणला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की दुःख हे नुसतं दुःख असतं. त्याच्या पोटात काही दडवून ठेवलेलं नसतं, की आपण शोधायचं आणि नाही सापडलं तर आपणच कमी पडलो. ते सोसत असताना माणूस कुणासाठी काही करू शकला, कुणाला ओळखू शकला, तर तो अर्थ त्या माणसाच्या हातचा असतो. आणि नाही करू शकला तरी तो नापास झालेला नसतो. परीक्षाच नव्हती ती.

महाराज तुकोबांचा दाखला देतात, बरोबर ना? दुष्काळाने दिवाळं काढलं ते बरंच झालं, असं तुकोबा देवाला म्हणतात तो अभंग. तो अभंग मलाही फार जवळचा आहे. पण तो कुणी कुणाबद्दल म्हटला ते बघा. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. तुकोबांचा धंदा बुडाला, बाजारातली पत गेली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हेही त्यांनीच सांगितलंय, त्याच तोंडाने, लपवलं नाही. "बरं झालं" हे ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणाले. देहूतल्या दुसऱ्या कुठल्या बाईच्या दारात जाऊन, जिचं लेकरू उपाशी मेलं तिला, बरं झालं असं सांगितल्याचं मी कुठं वाचलं नाही. उलट परंपरा सांगते, की घराण्याच्या सावकारीतली आपल्या वाट्याची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, त्यांनी इंद्रायणीत सोडली. ज्याने दुष्काळ अंगावर घेतला होता त्याला कुळांच्या मानेवरचं कर्ज दिसलं. हा भागही सप्ताहात सांगायला हवा, आणि तो अभंगाच्या आधी सांगायला हवा.

आपल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत घ्या. मोठ्या दुष्काळात लोक दाराशी आले तेव्हा त्यांनी बादशहाची कोठारं उघडली. भुकेतून मिळणारा अर्थ समजावून सांगितला नाही. धान्य दिलं.

देवावर रागावला आहात, देवळात जात नाही, याचं तुम्हाला वाईट वाटतंय असं पत्रावरून दिसतं. वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे देवावर रागवायची वाट फार जुनी आहे. जनाबाईने विठ्ठलाला किती शिव्या घातल्या. चोखोबांनी त्याला थेट जाब विचारला, आणि ते चोखोबा मंगळवेढ्यातच गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले. पंढरपूर आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे, तिथं महाद्वारात नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आहे. लोक आधी तिथं टेकतात आणि मग आत जातात. ज्याने देवाला विचारलं त्याला आपण दारातच जागा दिलीय. तुम्हाला वाटलं तर सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठावर संध्याकाळी जाऊन बसा. आत जाऊ नका, हात जोडू नका. सिद्धरामेश्वरांनी आधी तळं खोदलं, गावाला पाणी दिलं. त्या पाण्याजवळ बसायला तुम्हाला कुणाची परवानगी नको.

यजमानांबद्दल. हाडांच्या वॉर्डात मी एक शिकले. बायका कण्हतात, पुरुष गप्प राहतात, आणि नाडी दोघांची सारखीच धावत असते. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांना कमी आहे असं समजू नका. त्यांना "तुम्हाला काय वाटतं" असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल. पेटीबद्दल विचारा. ती उघडून त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, यातला हा पाना कशाचा, हे कुठं लागतं, मला सांगा. पोरगा माग कसा लावायचा, बीम कसं चढवायचा, धोटा अडकला की काय करायचा, हे तुम्हाला माहीत नसेल, त्यांना थोडं माहीत असेल, त्याच्या मित्रांना सगळं माहीत असेल. त्यातल्या एखाद्याला घरी बोलवा. तो कसा गेला ते दोन वर्षं सगळे बोलतायत. तो काम कसं करायचा ते कुणीतरी बोलू दे.

पेटीचं काय करायचं हे आत्ता ठरवायचं नाही. द्यायची असेल तर पुढे कधीतरी शिकाऊ पोराला द्याल, नसेल तर नाही. फक्त पाने आणि पकडी महिन्यातून एकदा तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा. पलंगाखाली दमट असतं.

आणि एक नर्स म्हणून. झोप लागत नसेल, अंगावरचं कापड सैल झालं असेल, आपणही जावं असं मनात येत असेल, तर ते सोसत बसू नका. मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. सरकारची टेली-मानस ही फोन सेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. दुःखाला औषध नाही, पण न झोपलेल्या शरीराला आहे.

पत्र दुसरे

अक्का, मी २७ वर्षांचा, मूळ साखर पेठेतला, सध्या पुण्यात आयटीत. आजीने आयुष्यभर विड्या वळल्या. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर रात्रपाळी केली आणि मला शिकवलं. ते नेहमी म्हणतात, तुम्ही दुःखच पाहिलं नाही, दुःख भोगल्याशिवाय माणूस घडत नाही. मला खरंच काही दुःख नाही. पगार चांगला आहे, सगळे धडधाकट आहेत. पण रिकामं वाटतं. म्हणून मी मुद्दाम उपास करतो, थंड पाण्याने आंघोळ करतो, जमिनीवर झोपतो. तरी काही होत नाही. दुःख नसलेल्या माणसाचं आयुष्य पोकळच राहतं का?

बाळा,

तुझ्या आजीसारखीच माझी आई. आमच्या घरी तेलुगू, म्हणून तिला अम्मा म्हणायचो. रात्री पानं भिजवून पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, आणि मग मांडीवर सूप घेऊन जी बसायची ती दिवेलागणीपर्यंत. पान, तंबाखू, वळण, दोरा. आम्ही बहिणी शाळेतून आलो की विड्यांची तोंडं बंद करायला बसायचो. माझ्या अंगठ्याचं नख अजून त्या बाजूने चपटं आहे. हजार विड्या झाल्या की तो दिवस भरला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायला रांग. तिथं चाळून खराब म्हणून बाजूला काढतील त्याचे पैसे नाहीत, आणि त्या विड्याही परत नाहीत. पन्नाशीच्या आत तिला खोकला लागला, १९९८ ला ती गेली.

मी निवृत्त झाले तेव्हा कार्यक्रम झाला. भाषणात कुणीतरी म्हणालं, आईच्या कष्टांचं चीज झालं, त्या माउलीने सोसलं म्हणून सिस्टर घडल्या. टाळ्या झाल्या. मला तो हार गळ्यात ठेववेना. अम्माचा खोकला हा माझ्या नोकरीचा पाया होता असं मला म्हणवत नाही. खोकला नसता तरी मी नर्स झाले असते, आणि अम्मा ते बघायला असती. तिने मला घडवलं ते दुःखाने नाही रे. तिने ठरवलं होतं, की माझ्या पोरींच्या मांडीवर सूप येणार नाही. घडवलं ते त्या ठरवण्याने. दुःख त्या वाटेत आडवं आलं, आणि त्यातलं बरंचसं येण्याची काहीच गरज नव्हती. मजुरी नीट मिळाली असती, हवा येणारी खोली असती, वेळेवर छातीचा फोटो काढला असता तर ते टळलं असतं.

टळण्यासारखं दुःख टाळायचं असतं, त्यात अर्थ शोधत बसायचं नसतं. मी अकरा वर्षांची असताना १९७२ चा दुष्काळ पडला. सांगोल्याकडची, करमाळ्याकडची माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेली मी एसटीतून बघितली आहेत, बायकांच्या कडेला तान्ही पोरं, हाताला फडकी बांधलेली. त्या सगळ्यातून महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. वि. स. पागे यांनी त्यासाठी जन्म घातला म्हटलं तरी चालेल. ज्याला काम हवं त्याने ते हक्काने मागावं, भीक म्हणून नाही. तसंच आपल्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाया मोर्चे काढत राहिल्या, आणि २००६ मध्ये कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. अम्माच्या दोन मैत्रिणींना तिथं घर मिळालं. एकीने मला दाराची चौकट हाताने पुसून दाखवली. म्हणाली, माझ्या नावावर आहे. सोसण्याला अर्थ देणं म्हणशील तर मला ती चौकट दिसते.

तुला वाटेल मी दुःखाविरुद्ध बोलतेय आणि आपण तर हुतात्म्यांच्या गावचे. तेही बोलू. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. त्यांच्या पुतळ्यांसमोरून तू शाळेला गेला असशील. ते फास शोधायला घराबाहेर पडले नव्हते. त्यांना स्वराज्य हवं होतं, आणि त्याची किंमत समोर आली तेव्हा ते मागे फिरले नाहीत. डॉक्टर कोटणीसांचंही तेच. सोलापुरात १९१० साली जन्मलेला मुलगा, मुंबईत डॉक्टर झालेला, १९३८ ला चीनला गेला तो जखमींसाठी. बाकीचे सोबती परतले तरी तो राहिला, तिथंच संसार केला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, ३२ व्या वर्षी आजाराने गेला. मी नर्सिंगला लागले तेव्हापासून त्यांचा फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. आघाडीवर ते सलग कित्येक तास उभं राहून शस्त्रक्रिया करायचे. पाय दुखावेत म्हणून नाही. समोर माणूस पडला होता म्हणून.

आता तुझी थंड पाण्याची आंघोळ. त्यापुढे कोण आहे? कुणीच नाही, म्हणून तुला काही होत नाही. जमिनीवर झोपून पाठ दुखेल, एवढंच. उपास करायचाच तर त्या वेळच्या जेवणाचा डबा कुणाला तरी नेऊन दे, आणि देताना त्याच्याशी दोन शब्द बोल. बाकी तुझ्या सुखाची लाज बाळगू नकोस. ते तुझ्या आजीने आणि वडलांनी ठरवून मिळवलंय.

आणि वडील. ते म्हणतात तुम्ही दुःख पाहिलं नाही. मला वाटतं, बाळा, त्यांना तुझ्यावर दुःख यावं असं अजिबात वाटत नाही. त्यांना वाटतं की त्यांचं दुःख कुणी पाहिलं नाही. गिरणी बंद पडली तेव्हा ते किती वर्षांचे होते, तुला माहीत आहे का? शेवटच्या दिवशी गेटवर काय झालं? भोंगा बंद झाल्यावर पहाटे जाग कशाने यायची? रात्रपाळीत मागांच्या आवाजात एकमेकांशी कसं बोलायचे? ह्या गावातल्या कितीतरी पुरुषांना त्या काळातलं एकही वाक्य घरात बोलता आलेलं नाही, कारण बेकारी ही त्यांना लाज वाटली. पुढच्या सुट्टीला घरी आलास की त्यांना घेऊन नुसता चालत जा, त्या जुन्या धुरांड्याकडे. तू गप्प राहा. ते बोलतील. कदाचित पहिल्या वेळी नाही बोलणार.

दुःख तुझ्याही वाटेला येईल रे, ते कुणाच्या दारावरून गेलेलं नाही. त्याची तयारी म्हणून आत्तापासून भोगायचं नसतं. पुण्यात तुझ्या इमारतीत रात्री दोन वाजता दार वाजवलं तर कोण उघडेल, तेवढी दोन घरं शोधून ठेव. आणि त्यांच्यासाठी तू उघडशील का, तेही.

पत्र तिसरे

अक्का, मी शिक्षक आहे, होटगी रोडला राहतो. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याची पत्नी वारली. मला भेटायला जायचं आहे पण काय बोलावं सुचत नाही, म्हणून महिना झाला तरी गेलोच नाही. धीर द्यायला काय म्हणावं?

सर,

काही म्हणू नका. जा.

दुःख मोठं करतं, देवाला आवडे तो, आता मुलांकडे बघा, यातलं एकही वाक्य नेऊ नका. गेलेल्या बाईंचं नाव मात्र घ्या. त्यांनी कधी तुम्हाला चहा दिला असेल, काही बोलल्या असतील, ते सांगा. महिनाभरात त्या घरात ते नाव उच्चारायला सगळे घाबरायला लागले असतील.

पहिल्या दिवशी सगळे असतात. कडू घास आणणारे असतात, दहाव्या-तेराव्याला पंगत असते. मग माणसं आपापल्या घरी जातात आणि बँकेचे, रेशनचे, गॅसचे कागद उरतात. मृत्यूचा दाखला काढायला महापालिकेच्या कार्यालयात किती खेटे पडतात ते तुम्हाला माहीत असेलच. त्यांना म्हणा, उद्या अकराला मी गाडी घेऊन येतो, आपण जाऊ. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, कुणी सांगत नाही. उशीर झाला म्हणून लाजू नका. दुसरा-तिसरा महिना सगळ्यात रिकामा असतो, तुम्ही वेळेवरच निघाला आहात.

अम्मा गेली तेव्हा मला रजा मोजकीच होती. कामावर परत गेले, आणि घरी आलं की ती दुपारची तीन-चारची वेळ, सूप घेऊन बसायची तिची वेळ, मला सहन व्हायची नाही. शेजारच्या एक मावशी होत्या, त्याही विड्या वळायच्या. त्या रोज दुपारी स्वतःचं सूप, कात्री आणि भिजवलेली पानं घेऊन आमच्या ओसरीवर यायला लागल्या. त्यांच्या घरी उजेड कमी आहे असं त्यांनी कारण सांगितलं. बसायच्या भिंतीला टेकून, अम्माच्या जागेच्या बाजूला. अम्माच्या जागेवर नाही, बाजूला. मधली हातभर जागा त्यांनी मोकळी ठेवलेली असायची. पानाचा दर, तंबाखूचा वास, कारखान्यातल्या मुनिमाची तब्येत, एवढंच बोलायच्या, नाहीतर कात्रीचा आवाज. दिवाळीपर्यंत येत होत्या.